हार घालायचा शॉट

चार माणसं सुट्टीच्या दिवशी सिनेमा करायला लागली की किस्से साठतच जातात. आमचे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे आहेत. मी एरवी इंजिनिअर. शनिवार-रविवारी लांब काठीला बांधलेला माइक नीलच्या डोक्यावर धरून उभा राहायचो.

नील टोरांटोत वाढलेला मराठी मुलगा. ॲक्टिंग करायला लॉस एंजेलिसला आला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले. मग त्याला रोल मिळायचे ते बॉम्ब ठेवणाऱ्याचेच. एका ऑडिशनला म्हणे त्याला सांगितलं, घरी बोलतोस त्या ॲक्सेंटमध्ये बोल. नीलने सगळे डायलॉग अस्सल टोरांटोच्या उच्चारात म्हणून दाखवले. काम अर्थातच गेलं!

शेवटी तो आमच्या फ्रीमाँटला आला आणि त्याने स्वतःच स्क्रिप्ट लिहिलं. वडील गेल्यावर उशिरा घरी पोचलेल्या मुलाची गोष्ट. लेखक तोच, डायरेक्टर तोच, हीरोही तोच.

*

हीरोची आई झाल्या होत्या आमच्या शैलाकाकू. शूटिंगही त्यांच्याच किचनमध्ये. जेवणाच्या सीनमध्ये प्रत्येक टेकला ताटात दोनच पोळ्या हव्यात, नाहीतर शॉट जुळत नाहीत, हे नीलने त्यांना तीनदा समजावलं. काकू दर वेळी तिसरी वाढायच्या. वर म्हणायच्या, "एवढ्या लांबून आलेल्या मुलाला दोनच? मला नाही जमणार." नीलने निमूटपणे स्क्रिप्टमध्ये तीन केल्या. पुढच्या टेकला काकूंनी चौथी वाढली.

*

नीलचे वडील टोरांटोचे रिटायर्ड सर्जन. आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. मुलाचं एकही काम त्यांनी पाहिलं नव्हतं. नील प्रत्येक कामाची डीव्हीडी घरी पाठवायचा. फोनवर विचारलं की काका म्हणायचे, बघतो सवडीने. एकदा ख्रिसमसला नील घरी गेला, तर सातही डीव्हीडी कपाटात, वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. हे त्याने आम्हाला हसत सांगितलं. आमच्यापैकी कोणालाच हसू आलं नाही.

*

मग अडलं ते शेवटच्या सीनवर. मुलगा वडिलांच्या फोटोला हार घालतो, एवढंच. पण फोटो कोणाचा? जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. आमच्यात सगळे सायन्सवाले, पण स्वतःचा फोटो द्यायची वेळ आली तसं एकेकाने अंग काढून घेतलं. एक पीएचडी झालेला मित्र हो म्हणाला आणि बायकोशी बोलून तासाभरात फोन करून नाही म्हणाला. मी काय वेगळा? मीही फोटो दिला नाही. त्याची मला अजून लाज वाटते. नेटवरून कोणाचा तरी घेऊ म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "तोही कोणाचा तरी बाप असेल ना रे."

त्या सीनशिवाय सिनेमाला अर्थच नव्हता. दोन वर्षं घातलेली होती नीलने त्यात. शूट कॅन्सल केलं आणि तेवढं कळवायला वडिलांना फोन केला.

*

पुढच्या शनिवारी डॉक्टरकाका काकूंच्या दारात उभे. हातात बॅग, बॅगेत त्यांचा स्वतःचा फ्रेम केलेला फोटो. काकू देवघरात दिवा लावायला गेल्या.

फोटो भिंतीला लावला. काका कॅमेऱ्याशेजारी खुर्चीवर बसले. नीलने हार उचलला, फोटोपर्यंत नेला आणि खाली घेतला. दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्यालाही तेच.

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबता का? प्लीज."

काकांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"नाही. घाल तू. मी बघतोय."