बळीरामच्या टाचा आणि गोदूची कडी

ओवे गावच्या बळीरामचा स्वतःच्या पायांवर जेवढा विश्वास होता, तेवढा लोकांचा डॉक्टरवरही नसतो. तरुणपणाची वीस वर्षं त्याने मिठागरात काढली होती. मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा असतो, आणि कुठे दबतोय, कुठे पाणी थांबेल, हे अनवाणी पायालाच कळतं. बळीराम एकदा चालून गेला की मुकादम पुन्हा बघायला यायचा नाही. पुढे मिठागर सुटलं, जमिनीचे पैसे आले, घर दोन मजली झालं, पण सवय काही गेली नाही. घरात फ्रीज आला तरी हा आधी त्याच्याखालची फरशी पायाने चाचपणार. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरातला जुना कोबा उखडून चकचकीत फरश्या बसवल्या, त्याही यानेच पाय ठेवून पसंत केल्या होत्या.

त्याच फरश्यांवरून त्याची बायको गोदू घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरने चालायची परवानगीही दिली. गोदू मात्र आपटा गावी मनीषाकडे, म्हणजे लेकीकडे, राहायला गेली ती परत यायचं नावच घेईना. चार महिने झाले. आंघोळीला दार अर्धं उघडं ठेवायचं, कुणीतरी दंड धरून उभं राहायचं, या प्रकाराला ती विटली होती. बळीरामने फोन केला की तिचं एकच पालुपद.

"मना आतून कडी लावून आंघोल करता येल, तवाच मी घरी येन. तवर नाय."

बळीरामला घर खायला उठलं होतं. पूर्वी नावाची सून जेवायला प्रेमाने वाढायची, पण 'मीठ कमी खा' म्हणून ओरडायला कुणी नव्हतं. मिठागरात जन्म काढलेल्या माणसाला त्या ओरडण्याचीच चटक लागली होती.

शेवटी मुलाने, दीपेशने, सगळं न्हाणीघर नव्याने करायचं ठरवलं. शॉवरखाली एक उथळ ट्रे बसवायचा, त्यावर उभं राहून आंघोळ करायची. ट्रे कशाचा घ्यायचा ते बघायला पूर्वी पनवेलच्या दुकानात निघाली, तर सासरेबुवा चप्पल घालून आधीच रिक्षात बसलेले.

दुकान निनाद नावाच्या तरुण मालकाचं. त्याने कौतुकाने एकेक ट्रे दाखवला. "हा ॲक्रिलिकचा, वजनाला हलका, पायाला गार लागत नाही. हा सिरॅमिकचा. आणि हा दगडाच्या भुकटीत रेझिन घालून ओतलेला, जड आहे, पण लाइफलाँग."

"पानी आन," बळीराम म्हणाला.

निनादने बिसलेरीची बाटली पुढे केली.

"प्यायला नको रे शेठ, बादलीभर आन. आनि साबन."

निनादने पूर्वीकडे पाहिलं. पूर्वीने 'आणा, ऐकायचे नाहीत' अशी मान हलवली. पाच मिनिटांत बळीराम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भर दुकानात साबणाच्या फेसात उभा होता. नळाच्या तोट्या बघायला आलेलं एक जोडपं तोट्या सोडून त्यालाच बघू लागलं. पहिल्या ट्रेमध्ये त्याने टाच आपटली. "मधी दबतंय. खाली भर घालाय लागंल." निनाद चाट पडला, कारण ते अगदी खरं होतं. दुसऱ्यात उभा राहून म्हणाला, "गार हाय." पण घसरण्याचं विचारलं की तिन्हींना एकच शेरा, "कायपन घसरत नाय." मग त्याने तो पहिला, ॲक्रिलिकचा गुळगुळीत ट्रे पक्का केला. "मिठावानी पांढरा हाय. खालून भर घालू. गोदूला पसंत परंल."

"आबा, मी एकदा बघू?" असं म्हणत पूर्वीने सँडल काढून त्यात पाऊल टाकलं मात्र, आणि सरळ समोरच्या पोस्टरला मिठी मारली. पोस्टर फाटून हातात आलं. निनादने तिला कसंबसं सावरलं.

"अशी कशी घसरलीस? मी तर चांगला उभा होतो!"

निनादने खाली वाकून त्याच्या टाचेवरून बोट फिरवलं आणि चटकन मागे घेतलं. "आबा, हा पाय नाहीये, पॉलिश पेपर आहे. तुम्ही तेलाच्या घाण्यात उभे राहिलात तरी घसरणार नाही."

तोट्यावालं जोडपं मोठ्याने हसलं. बळीराम हसला नाही. मिठाने चरचरून फुटलेल्या आपल्या टाचा तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा बघत राहिला. त्या चकचकीत फरश्याही याच टाचांनी पास केल्या होत्या. गोदूला पाडलं ते आपणच, हे त्याला त्या फेसात उभं असताना कळलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही ट्रेंचे वीतभर नमुने पिशवीत घालून त्याने आपट्याची एसटी पकडली. मनीषाच्या ओटीवर गोदू खुर्चीत बसली होती. बळीरामने तांब्याभर पाणी घेतलं, नमुने मांडले, साबण लावला आणि खाली बसून तिचा पाय हातात घेतला.

"ओ, काय करताव? सोरा! शेजारीन बगते!"

"बगू दे."

तिच्या टाचा मऊ पडल्या होत्या, अगदी लहान मुलाच्या असाव्यात तशा. एकेकाळी मिठागरात मीठ वाहणारी बाई, आता चार महिने नुसती बसून होती. बळीरामने तिचं पाऊल एकेका नमुन्यावर ठेवलं. पांढऱ्या ॲक्रिलिकवरून ते सटकलं, सिरॅमिकवरून सटकलं. तिसऱ्या, खरबरीत राखाडी तुकड्यावर मात्र गच्च बसलं.

"यो धरतंय," गोदू म्हणाली.

"रंग चिखलाचा हाय."

"मंग? जलमभर चिखलातच उभी ऱ्हायली ना मी? तवा कंदी परली?"

महिनाभरात तो राखाडी ट्रे बसला. बळीरामने त्यावर एकदाही पाय ठेवला नाही, पूर्वीकडूनच तपासून घेतला. गोदू आली, टॉवेल खांद्यावर टाकून आत गेली. दार लागलं. आणि आतून कडी सरकल्याचा खट्ट आवाज आला.

बळीराम दाराबाहेर स्टूल टाकून बसला. आत पाणी पडत होतं. त्याने श्वासही हळू घेतला.

"भायेर कोन बसलंय?" आतून गोदू ओरडली.

"कोन नाय," बळीराम म्हणाला.