तारखेची रिकामी ओळ

लेकीच्या लग्नाआधी दोन आठवडे माझ्या होणाऱ्या विहीणबाई फ्रान्सहून एकट्याच कोल्हापूरला आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच कच्चं. मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नाही. चार महिने आधीपासून मोबाईलवर ऐकून फ्रेंच वाक्यं वहीत उतरवली होती, देवनागरीत, विषयवार: जेवण, तब्येत, प्रवास, खरेदी. लेक विहीणबाईंच्याच गावात राहायला जाणार होती. आपली माणसं सरळ आहेत एवढं त्यांच्या मनात बसलं म्हणजे मिळवलं, असं मी ठरवलं होतं.

जोडप्याला आपल्याकडचा मिक्सर स्वतः घेऊन द्यायचा, अशी त्यांची इच्छा. फ्रेंच येणारी लेक ऑफिसात होती, म्हणून आम्ही दोघीच लक्ष्मीपुरीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो. मिक्सर पसंत पडला. मी वही न उघडता खड्या आवाजात विचारलं, "इलिया ऊन गारांती?" म्हणजे, याला गॅरंटी आहे का?

विहीणबाई खुलल्या. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, मला कशाला इंग्लिशमधनं विचारताय? दोन वर्सं हाय की!"

त्यांनी कार्ड काढलं, शिक्का मारला, सही केली आणि तारखेची ओळ रिकामी ठेवून कार्ड विहीणबाईंच्या हातात दिलं. आमच्याकडे ओळखीच्या गिऱ्हाइकाला असंच देतात. बिघडेल तेव्हा सोयीची तारीख टाकायची.

विहीणबाईंनी रिकाम्या ओळीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. मग पुन्हा विचारलं, सावकाश.

"तारीख मुद्दाम रिकामी ठेवलीया, पावणं," दुकानदार म्हणाले. "तुमच्याच फायद्याचं हाय."

मी वही उघडली. खरेदीच्या पानावर सव्वीस वाक्यं होती आणि सगळेच्या सगळे प्रश्न. गॅरंटी किती वर्षांची, बिघडलं तर कुठे आणायचं, बदलून मिळेल का. उत्तर द्यायची वेळ माझ्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विहीणबाईंनी मदतीला म्हणून वहीत डोकावून पाहिलं, पण अक्षरं देवनागरी. त्यांनी ती हळूच माझ्याकडे सरकवली.

मग मोबाईलचं भाषांतर लावलं. दुकानदार त्यात असे ओरडले, जणू तो बहिरा होता: "घरच्यावानी केलंय, म्हणावं!" पडद्यावर फ्रेंच उमटलं. काय उमटलं ते मला कसं कळणार? विहीणबाईंचा चेहरा तेवढा आणखी गंभीर झाला. त्यांनी पर्समधून पेन काढलं, त्या ओळीवर स्वच्छ अक्षरात त्या दिवसाची तारीख घातली आणि "मेर्सी" म्हणून दुकानदारांचे आभार मानले.

"घ्या! घालवली की सवलत," दुकानदार पुटपुटले. "ऱ्हाऊ दे वहिनी, पावण्यांना कोण सांगणार."

रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या.

संध्याकाळी लेक आली तशी मी तिला चप्पलसुद्धा काढू न देता कार्डाचा सगळा प्रकार सांगितला. "आधी त्यांना नीट समजावून सांग. फसवत नव्हते दुकानदार, उपकार करत होते."

ती दोन मिनिटं बोलली. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य म्हटलं.

"काय म्हणाल्या?"

"आई, जाऊ दे ना."

"सांग."

"म्हणाल्या, त्यांचा हेतू चांगला असेल, पण ते खोटंच झालं ना?"

चहा टाकते म्हणून मी आत गेले.

जेवणं झाल्यावर मी गॅरंटीकार्डांची फाईल काढली. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारखेची चिठ्ठी लावणारी मी. फाईलमध्ये अकरा कार्डं होती, फ्रिजपासून इस्त्रीपर्यंत. सगळ्यांवर शिक्का, सगळ्यांवर सही, आणि तारीख एकावरही नाही. पेन घेऊन बसले. पण कुठली वस्तू कधी घेतली, हे मला एकीचंही आठवेना.