बन्सीमामाचं घर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. टेंभुर्णीहून भाचा बोलत होता. "आत्या, पप्पा गेले... चहा घेऊन ओट्यावर बसल्ते, तिथंच मान टाकली." मी जालन्याहून निघून गावात पोचेपर्यंत चौकात फ्लेक्सही लागला होता. त्यावर ठळक अक्षरांत 'बन्सीमामा' आणि खाली, ज्याला हवं त्यानं चष्मा लावून वाचावं अशा बेतानं, दत्तात्रय. आईनं हौसेनं ठेवलेलं नाव हो ते! रडता रडता मला त्या फ्लेक्सवाल्याचा रागच आला. आता दोन महिने होत आलेत, तो राग गेला आहे.

दादा जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमींना पळायचा. चाळिशी उलटल्यावर त्याला एक विनोदी मालिका मिळाली. मुंबईतलं एक चौकोनी कुटुंब आणि त्यांच्याकडे अधूनमधून टपकणारा गावाकडचा बन्सीमामा. दादाचं हे काम पाच-दहा मिनिटांचं. लेखकानं त्याला 'जरा गावरान बोला' एवढंच सांगितलं होतं, बाकीचं सगळं दादानं घरून नेलं. आमच्याकडे पाहुणा निघाला की त्याची पिशवी लपवून ठेवतात. पाहुणा ती शोधतो, रागावल्यासारखं करतो आणि एक मुक्काम वाढवतो. कुणी पिशवी लपवलीच नाही तर त्याला वाईट वाटतं. आता मुंबईच्या फ्लॅटमध्ये मामाची पिशवी कोण लपवणार? मग बन्सीमामा ती स्वतःच सोफ्याखाली सरकवायचा आणि घरभर शोधत फिरायचा. "पिशवी घावंना गं पोरी, मंग राहावंच लागंल." भाची कपाळाला हात लावायची आणि घरोघरी लोक हसायचे. आम्ही जरा जास्तच हसायचो, कारण ती आमच्या आईच्या मामाची हुबेहूब नक्कल होती.

लोकांना बन्सीमामा इतका आवडला की वाहिनीनं त्याला स्वतःची मालिका दिली. 'बन्सीमामाचं घर'. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मुख्य काम मिळालं. वहिनींनी राजूरच्या गणपतीला नारळ फोडला, मी शिकवायचे त्या शाळेत पेढे वाटले. सेटवर त्याला अंगण दिलं, बायको दिली, दोन मुलं दिली, दारात म्हैस बांधली. वहिनी टेंभुर्णीतच राहायच्या. पहिल्या भागाला सगळी गल्ली त्यांच्या टीव्हीपुढे बसली होती, दुसऱ्या आठवड्यात निम्मी आली. काहीतरी हुकलं होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं. दादा तोच, टोपी तीच, पण हसू काही फुटत नव्हतं. जालन्यात मी एकटीच मोठमोठ्यानं हसायचे, घरातल्यांनीही हसावं म्हणून त्यांच्याकडे बघत. देव पाण्यात घालून बसले होते म्हणा ना. काही उपयोग झाला नाही. आंबे संपायच्या आत मालिका संपली.

दादानं मुंबई सोडली आणि टेंभुर्णीला येऊन राहिला. नवीन काम घेतलं नाही. त्या मालिकेचं नाव काढायचं नाही असं घरात कुणी ठरवलं नव्हतं, तरी कुणीच काढलं नाही. कुणी आल्यागेल्यानं जुन्या मालिकेचं कौतुक सुरू केलं की वहिनी घाईघाईनं चहाचं विचारायच्या, न जाणो पुढचा प्रश्न दुसरीचा असला तर. दादा ओट्यावर एकटा बसलेला दिसला की मला वाटायचं, जन्मभर बाजूची कामं केली, एकदा पुढे उभं केलं आणि तिथंच हसं झालं... हे मनात घेऊनच हा माणूस जाणार, ही धास्ती मला कितीतरी वर्षं होती.

गेल्या दिवाळीनंतर तो डोळे दाखवायला जालन्याला आला. आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. भाकरी मोडता मोडता मी विचारून टाकलं, दादा, ती मालिका बंद पडल्याचं तुला अजून लागतं का रे?

"मला?" तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यापायी तुमची मान खाली गेली. म्हून मी इषय काढला न्हाई कधी."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्याला जपत होतो आणि तो आम्हाला! मग तो मोकळा होऊन बोलत सुटला. हे चालायचं नाही, असं त्यानं दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. "सुमे, आपल्याच घरात मानूस पिशवी कशाला लपवंल? जायाचंच न्हाई कुठं, तर त्याला थांब कोन म्हननार?" पुढे पुढे तर त्याला स्वतःलाच हसू येईनासं झालं होतं. वाहिनीवाले तरीही रेटायला तयार होते, मालिकेतली बायको बदलून बघू म्हणत होते. "मी म्हणलं, बिलकुल न्हाई. जल्दी बंद करा." बायको बदलण्याचं ऐकून मला हसता हसता ठसका लागला, आणि मग रडूही आलं. छातीवरचा धोंडा उतरला हो. मग पुन्हा काम का नाही घेतलंस, असं विचारलं, तर म्हणाला, "गावात बरं वाटून राह्यलंय." एवढं साधं उत्तर होतं.

तेराव्याला त्याचा मुंबईचा जुना मेकअपवाला आला होता. त्यानं मोबाइलमधला एक फोटो दाखवला. बन्सीमामाच्या घरातल्या खाटेवर दादा आडवा, तोंड उघडं, चिकटवलेली मिशी अर्धी निघालेली, अर्धी तशीच. मालिका बंद होतेय हे कळलं त्याच संध्याकाळचा फोटो. मिशी काढून घ्यायला बसले आणि मध्येच झोपले, मग कुणाला उठवावंसंच वाटलं नाही, असं तो सांगत होता. वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, हाच भिंतीवर लावायचा.

आमचे चुलते तात्या नाराज झाले. "सूनबाई, झोपेतला फोटो लावतेत का कुनी?"

"राहू द्या तात्या," वहिनी म्हणाल्या. "ती मालिका चालू होती तवा रोज फोनवर म्हनायचे, झोप लागंना. ही झोप मी पाह्यलीच नव्हती."

परवा मी टेंभुर्णीला गेले तेव्हा फोटो समोरच्या भिंतीवर होता, ताज्या हारासकट. भेटायला माणसं येत होती. दारातून आत बघायची, आणि चपला न वाजवता काढायची.