एक माणूस जास्त

माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका हेलिकॉप्टर युनिटमध्ये होती. मी मेजर, पायलट, गाव बाभुळगाव. काम सरळ होतं. वरच्या चौक्यांवर रेशन न्यायचं, आजारी जवान खाली आणायचे.

हेलिकॉप्टर हवं तितकं वर जातं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. वर हवा पातळ होते, चढण्याचा वेग घटत जातो आणि एका उंचीनंतर मशीन चढतच नाही. त्या मर्यादेला सीलिंग म्हणतात. ऊन तापलं की ती आणखी खाली येते. आमची शेवटची चौकी त्या मर्यादेला लागूनच होती. त्यामुळे वजनाच्या बाबतीत मी सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसे. जवान मोठे बिलंदर. वरच्या दोस्तासाठी लोणचं, ठेचा, वाटेल ते सीटखाली सरकवायचे.

त्या दिवशी चौकीवर एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. मी, को-पायलट आणि नर्सिंग असिस्टंट नाईक विलास गवई वर गेलो. गवई आमच्या शेजारच्या नेरकडचा, म्हणून माझा जरा लाडका. आजाऱ्याला मागे झोपवलं, गवई त्याच्याजवळ बसला. मी मशीन उचललं. ते फूटभर उठलं आणि परत बसलं.

"गवई, काय लपवलंस?"

"काईच नाई, सर. आईशपथ."

मला पटलं नाही. ब्लँकेट उघडायला लावलं. सोबत्यांनी आजाऱ्याचं सगळं किट त्याच्या अंगाखाली बांधून दिलं होतं. सामान मागे राहिलेला माणूस जगत नाही, अशी तिथली समजूत. मी चार शिव्या हासडून किट खाली काढायला लावलं. या वेळी मशीन उठलं, पण समोरच्या डोंगराची धार ओलांडण्याइतका चढ मिळेना. पुन्हा टेकवलं.

रेडिओवर बेस आला. "दरीत ढग भरताहेत. आत्ताच निघा. ओव्हर."

मी मान वळवायच्या आत गवईनं मागचं दार उघडलं.

"सर, मी उद्या येतो. त्याले घेऊन जा."

आम्ही धार ओलांडली. जवान वाचला. त्याच संध्याकाळी चौकीवर हिमकडा कोसळला. गवई त्यात गेला.

निवृत्त झाल्यावर मी त्याच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, पण नजर माझ्यावरून हलली नाही.

"मतदानाच्या टायमाले इथं हेलिकॉप्टर आलं, साहेब. सहा जन उतरले, एकेक पोत्यावानी. अन् माह्या एका पोराले जागा नव्हती?"

मी पातळ हवा सांगितली, सीलिंग सांगितली. ते डोळे बारीक करून ऐकत होते.

"चढावर बैलबंडी अडली का हाकनारा धुरकरी सोता उतरते. तुमी काहून नाई उतरले?"

"मंग चालवलं कोनं असतं, बाबा?"

"अन् थो दुसरा?"

"त्या उंचीवर दोघं पायलट लागतात."

"खरं सांगा. थो सोता उतरला, का तुमी उतरवला?"

"सोता. माह्या तोंडून शब्द निघाच्या आंधी."

त्यांना पटलेलं दिसेना. मला वाईट वाटलं, रागही आला. साहेब लोक सोयीचं तेच सांगतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी उठायला लागलो.

"बसा," ते म्हणाले. "लहानपनापासून कोनाचं आयकलं नाई त्यानं. भरती होऊ नको म्हटलं, तं दुसऱ्याच दिवशी गेला." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "तुमी उतर म्हटलं असतं, तं थो बसून राह्यला असता."