खंडेनवमीला काढलेली चिप

त्या खंडेनवमीला मी सकाळी आठलाच मंगळवार पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढलो, कारण मला काहीतरी करून दाखवायचं होतं. क्लासच्या सरांनी "तीन महिने बघतो" म्हणून मला कामावर ठेवलं होतं आणि ते तीन महिने दसऱ्याला संपत होते. नेसरीच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

क्लासमध्ये दोन नवे, अगदी एकसारखे कॉम्प्युटर होते. त्यांतल्या एकात मोठी हार्डडिस्क बसवली होती, पण यंत्र तिला ओळखत नव्हतं. अडचण बायोसची होती. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेला प्रोग्राम. बटण दाबलं की सगळ्यांत आधी तो जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का बघतो आणि मग डिस्कवरून विंडोज सुरू करून देतो. नवा बायोस फ्लॉपीवर मिळाला होता. जुना पुसून नवा लिहायचा, दोन मिनिटांचं काम, पण मध्येच वीज जाता कामा नये. "दसऱ्यानंतर बघू," असं सर म्हणाले होते. मी न विचारता सुरू केलं. सुट्टीचा दिवस, लाइट जाण्याची वेळ नाही, एवढा विचार मी केला होता.

खंडेनवमीचा केला नव्हता. आमचं घर बौद्ध. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. आदल्या दिवशी गावात अवजारं पुजतात, हे लांबून पाहिलं होतं. सरांच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. पूजेच्या दिवशी तिथलं एकही चाक फिरत नसे, आणि तोच नियम क्लासला होता. हे मला नंतर कळलं.

मला दार उघडून देऊन फुलांना गेलेल्या, क्लास झाडणाऱ्या मावशी ओलं फडकं आणि झेंडूच्या माळा घेऊन आल्या, तेव्हा मी पडद्यावर सरकणारी पट्टी बघत होतो. पट्टी निम्म्यावर आली आणि पडदा काळा झाला.

मागे वळून पाहिलं, तर मावशींचा हात मेन स्विचवर.

"ह्यो एकच चालू राहिलता," त्या म्हणाल्या. "आज यंत्राला इसावा असतोय की."

मी पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला. बीप नाही, पडद्यावर एक अक्षर नाही. 'डिस्क सापडत नाही' एवढं सांगायलासुद्धा आत कुणी उरलं नव्हतं.

तासाभराने सर आले. "कुणी बंद केला?"

"म्या केला," मावशी म्हणाल्या.

मी गप्प राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही, पण तेवढ्या वेळाची लाज अजून वाटते. मग म्हणालो, "सर, मावशींचं काही नाही. मी तुम्हाला न विचारता बायोस लिहायला घेतला, त्यांनाही सांगितलं नव्हतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही कॉम्प्युटरांची झाकणं काढली. बिघडलेली चिप उपटून बाजूला ठेवली. चांगल्या यंत्रातली चिप सैल केली आणि परत हलकेच टेकवली. "मावशी, माळंतला जरा दोरा द्या."

"आज यंत्र चालवायचं न्हाय, सर."

"आज चालवलं न्हाय तर ह्याला कायमचीच सुट्टी हाय, मावशी."

चिपखालून दोरा घालून त्यांनी चांगलं यंत्र फ्लॉपीवरून सुरू केलं. आणि ते चालू असतानाच दोरा वर ओढून चिप बाहेर काढली.

आता दुसरंही गेलं, असं वाटलं. पण पडदा तसाच उजळ होता.

"एकदा सगळं उठलं की तिचं काम संपलं," सर म्हणाले. "पायजे तेवढी नक्कल मेमरीत असते. बस खाली."

त्यांनी मेलेली चिप त्याच चालू यंत्रात बसवली आणि माझ्याकडे बघितलं. "लिही आता."

मी एंटर दाबलं. पट्टी सरकू लागली. मावशी मेन स्विचपाशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ त्याला लावून, कुणी हात लावू नये म्हणून. पट्टी टोकाला पोचली. सगळं बंद करून चिपा आपापल्या जागी बसवल्या आणि बिघडलेल्या यंत्राचं बटण मी दाबलं.

बीप. मग मोठ्या डिस्कचं नाव. मग विंडोज.



"बंद कर आता," सर म्हणाले. "मावशींना कुंकू लावू दे." मग जिन्याकडे जाताना थांबले. "न विचारता परत काय केलंस तर बघ. आणि दसरा झाला की सकाळचं कुलूप तूच काढायचं."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मावशींनी तिलाही कुंकू लावलं.