कॉलर टेबलावरच्या दोघी

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला नीट कळलेलं नाही. निपाणीच्या बाहेर हायवेला लागून शर्टांची फॅक्टरी आहे आणि मी तिथं जाते, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण मी मशीनवर बसत नाही, कापड कापत नाही, इस्त्री करत नाही. हातात स्टॉपवॉच घेऊन मी बायकांच्या मागं उभी राहते आणि एकेका कामाला किती सेकंद लागतात ते कागदावर लिहिते. आई शेजारीपाजारी सांगायची, "ती तितं टायम बघायला हाय." त्यावर आप्पा म्हणायचे, "मग भिंतीवरचं घड्याळ काय झोपा काढतंय?" मीही हसायचे. आता हसू येत नाही. भिंतीवरच्या घड्याळानं आजवर कुणाची नोकरी घालवलेली नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. सातवीतून तिची शाळा सुटली आणि मांडीवर विड्यांचं सूप आलं. लग्न झालं, दोन वर्षांत ती माहेरी परत आली, ती कायमची. तेव्हाही तिनं पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि सूप ओढून घेतलं. आमच्या गल्लीत निम्म्या बायका विड्या वळायच्या, पण आक्काचा हात निराळाच होता. बोलता बोलता, भांडता भांडता, पेंगता पेंगतासुद्धा तिच्या विड्या होत राहायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा आणि शेवटी अंगठ्याच्या नखानं तोंड दुमडून बंद करायचं. ते शेवटचं दुमडणं तर दिसायचंच नाही. विड्या तपासून घेणारा माणूस वाईट विड्या बाजूला काढायचा. आक्काच्या सुपातनं त्याला काढण्यासारखं फारसं काही सापडायचं नाही, आणि याचा तिला भारी ताठा होता.

शेजारच्या वहिनी रोज तिच्यासोबत आमच्या सोप्यात येऊन बसायच्या. त्यांचं काम नीटनेटकं, पण सावकाश. आक्का त्यांना चिडवायची, "विडी वळतीस का नवरी सजवतीस गं?" वहिनी म्हणायच्या, "तुजी विडी वडली तरी घाईघाईनंच संपत असंल." दोघींचं असंच चालायचं. सणावाराला काय नेसायचं हेसुद्धा एकमेकींना विचारल्याशिवाय ठरायचं नाही.

विडीच्या कामात एकच नियम होता. मजुरी विड्या मोजून मिळायची, म्हणून हात पळला तर घर पळालं. पण हेही खरं, की तो पळणारा हात स्वतःचा होता. मधेच उठून चहा टाकायचा, कुणाच्या बारशाला जाऊन यायचं, परत येऊन सूप पुढ्यात घ्यायचं. आक्काचा वेग आक्काच्या मर्जीनं चालायचा. हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

पुढं विड्यांचं काम कमी होत गेलं. आठवड्यातनं चार दिवस पान मिळायचं, मग तीन दिवस. त्याच सुमारास फॅक्टरी आली. सौंदलगा, अकोळ, यमगर्णी, सगळीकडनं कंपनीच्या बसेस बायका भरून आणू लागल्या. गळ्यात कार्ड, अंगात निळा ॲप्रन. आमच्या विहारात संध्याकाळी शिवण क्लास सुरू झाला आणि पोरी शाळेतल्यापेक्षा जास्त मन लावून तिथं बसू लागल्या. मी बेळगावला कॅम्पात खोली घेऊन डिप्लोमा केला होता, मला या टाइम स्टडीच्या कामावर घेतलं. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी मी पहिलीच.

वहिनींना खोकला होता. लई दिवसांचा. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, तंबाखूपासनं लांब राहा. निपाणीत राहून तंबाखूपासनं लांब राहायचं म्हणजे नदीत राहून कोरडं राहण्यासारखं. फॅक्टरीत हेल्पर पाहिजेत असं कळल्यावर मी दोघींसाठी शब्द टाकला. चाळिशी उलटलेल्या बायकांना मशीनवर घेत नव्हते, पण हाताच्या कामाला चालतं म्हणाले. दोघींना कॉलरच्या टेबलावर बसवलं. शिवलेली कॉलर उलटी येते, ती सुलटी करायची आणि दोन्ही टोकं आतनं दाबून अणकुचीदार काढायची, इतकंच काम. टोक बोथट राहिलं तर कॉलर परत येते. विडीचं तोंड बंद करणाऱ्या बोटांना हे शिकवायलाच लागलं नाही.

दोन-तीन महिन्यांत वहिनींचा खोकला उतरला. एका रविवारी त्या मुद्दाम आमच्याकडं आल्या आणि पदर माझ्या नाकापुढं धरून म्हणाल्या, "बघ, वास येतोय का?" वास नव्हता. साबणाचा होता, तेवढाच. त्यांची धाकटी लेक आता जवळ झोपते, तोंड फिरवत नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

मग नव्या शर्टाची ऑर्डर आली आणि सरांनी सगळ्या लाइनचा टाइम परत काढायला सांगितलं. आमचे सर बंगळूरकडचे. माणूस वाईट नाही. कन्नडमध्ये हळू आवाजात बोलतात, कुणावर खेकसत नाहीत. त्यांनाही वरनं कुणीतरी विचारत असतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मशीनवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, की मागं घड्याळ उभं राहिलं की हात आखडायचा. कुणी दोरा परत ओवते, कुणी कापड दोनदा सरळ करते, कुणाच्या नेमकं तेव्हाच कानाला खाज सुटते. मला ते दिसतं, आणि मला दिसतंय हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी मी लिहिते. कारण कागदावर जो वेग एकदा चढला, तो दुसऱ्या दिवसापासनं रोजचा होतो, आणि तो पुन्हा खाली आलेला मी पाहिलेला नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आपोआप कळतं.

आक्काला कळलं नव्हतं. तिचा जन्म सुपापुढं गेला. तिच्या लेखी कुणी बघायला उभं राहिलं, की हात पळवून दाखवायचा. रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून जेवत होते. एका वाक्यानं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तिला माहीत असेल असं वाटलं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे, की माझी बहीण काय चीज आहे ते सरांनी बघावं, असं मला वाटत होतं.

त्या दिवशी सर माझ्यासोबत कॉलर टेबलापाशी आले. आक्कानं आधी मला बघितलं, मग घड्याळाला. पदर खोचला, पाठ ताठ केली आणि सुरू झाली. कॉलरी तिच्या हातातनं नुसत्या निसटत होत्या, आणि प्रत्येकीची दोन्ही टोकं सुईसारखी. मी बटण दाबून दाबून थकले. सरांनी एक कॉलर उचलून टोकावरनं बोट फिरवलं. मग कन्नडमध्ये म्हणाले, असा हात मी दुसरीकडं बघितला नाही. आक्का लाजून लाल झाली. शेजारी बसलेल्या वहिनींनी मान उडवून त्यांना ऐकवलं, "मग? आमची आक्का म्हंजे मशीनच हाय." त्यांना खरंच आनंद झाला होता.

चार दिवसांनी लाइनचा नवा कागद लागला. कॉलर टेबलावर दोन हेल्परच्या जागी एक. दोघीही अजून कायम झालेल्या नव्हत्या, आणि हात आक्काचा जास्त चालायचा. वहिनींना ऑफिसात बोलावलं, गरज लागली की कळवू म्हणाले आणि गळ्यातलं कार्ड ठेवून घेतलं.

आक्काला वाटलं, चूक झाली असेल. कुणाच्या तरी नावाची गफलत. घरी आल्यावर मला म्हणाली, "तू उद्या सांग की त्यास्नी." मला सांगावं लागलं, की चूक नाही. तुझ्या एकटीच्या हातानं दोघींचं काम निघतं असं कागदावर आलं, म्हणून दुसरीची गरज उरली नाही. तिला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. आपण चांगलं काम केलं आणि त्यापायी शेजारीण घरी बसली, हे तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

"मग तू आदी का सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं तुला ठावं असंल."

"मला कसं ठावं असंल? विडीत कोण मुद्दाम हळू करतंय व्हय?"

 मी उठून ताटं मोरीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवसापासनं आक्का एकटीच त्या टेबलावर. तासभर पळणारा हात दिवसभर पळवायला लागला. पाणी प्यायला उठली की कॉलरींचा ढीग साचायचा आणि पुढच्या मशीनवरची पोरगी मान वळवून बघायची. रात्री तिचे अंगठे सुजायचे, आई तेल लावून चोळायची.  वहिनींनी महिनाभर दुसरीकडं काम शोधलं आणि शेवटी तंबाखूच्या वखारीत जायला लागल्या. पंधरा दिवसांत भिंतीपलीकडनं खोकला ऐकू यायला लागला. आमच्या दोन घरांमधली भिंत काही फार जाड नाही. आक्का ऐकायची आणि माझ्याकडं बघायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "परत मोज मला. ह्या खेपंला मी हळू करतो." कॉलरी परत येण्याचं प्रमाण वाढलं होतं, त्याचं निमित्त करून मी सरांना विचारलं. ते म्हणाले, काढ परत, कागद आणून दे. पुढचे आठ दिवस आक्का घरात हळू काम करायची प्रॅक्टिस करत होती. जुन्या शर्टाच्या दोन कॉलरी घेऊन बसायची आणि मी मोजायचे. पहिल्या दोन वेळा जमायचं. मग ती भाजीबद्दल काहीतरी बोलायला लागायची, की हात सुटला. मी म्हटलं, मनात आकडे म्हण. तिनं म्हटले, तर आकडेच भराभर यायला लागले. आम्ही दोघी हसलो. त्या सगळ्या प्रकरणात तेवढंच हसलो. "जित्याची खोड हाय गं ही," ती हातांकडं बघत म्हणाली, "मेल्याबिगर जायाची न्हाय."

मोजायच्या दिवशी सर आले नाहीत. टेबलापाशी मी आणि आक्का दोघीच. तिनं सुरुवात फार छान केली. कॉलर हातात घ्यायची, उलटून पालटून बघायची, टोक दाबायची, परत बघायची. चार कॉलरी तशा झाल्या. पाचवीला तिची नजर साचलेल्या ढिगाकडं गेली, आणि मग बोटं तिची राहिली नाहीत. मला डोळ्यांनी दिसत होतं, ती त्यांना ओढून धरतेय आणि ती सुटतायत. शेवटची कॉलर टाकून तिनं मान खाली घातली. किती झालं असेल ते तिला माझ्याआधी कळलं होतं. हळूच म्हणाली, "तू लिव की जरा वाढवून."

पेन्सिल माझ्या हातात होती. आजूबाजूला बघणारं कुणी नव्हतं. मशीनवरच्या बायकांचे खोटे सेकंद मी वर्षभर निमूट लिहीत आले होते, इथं फक्त मला स्वतःला चार आकडे वाढवायचे होते. पण त्याच महिन्यात माझं कायम होण्याचं पत्र यायचं होतं. आक्काचा हात सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. संशय आला तर ते परत मोजतील, सख्ख्या बहिणीसाठी केलं म्हणतील, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. मी जे घड्याळात होतं तेच लिहिलं. याला कुणी खरेपणा म्हणू नये. मी भ्याले.

परतीच्या बसमध्ये आक्कानं विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "वाढवून लिवलं. सरांनी मानलं न्हाय."

 माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे. तू केलंस न्हवं." स्टँड येईपर्यंत तिनं हात सोडला नाही. तिचे अंगठे गरम होते.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या. वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या होत्या, मला आवडते म्हणून. उंबऱ्याशीच बसल्या, आत या म्हटलं तर नको म्हणाल्या, अंगाला वास येतोय. आक्का चुलीपाशी चहा करत होती. वहिनींनी एकदा आत बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आक्कानं सांगितलं मला. माज्यासाठनं खोटं लिवलंस म्हनं. उद्या तुजी नोकरी गेली असती म्हंजे गं? परत असं करू नगंस बाई."

मी म्हटलं, "न्हाय करणार, वैनी."