बिलावरचा बॅच नंबर

तुळिंजला माझं औषधांचं दुकान आहे. राहतो उमेळ्याला. सकाळी स्कूटरने येतो, दुपारचा डबा काउंटरच्या मागे उभ्याउभ्याच खातो आणि रात्री जेवायला घरी परततो. एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपल्या हातून कुणाला चुकीचं औषध गेलं नाही, असं मी अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.

हे लिहायचं कारण एक गोळी आहे. फिट येऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ घ्यायची. आमच्या दुकानापासून चार इमारती सोडून राहणाऱ्या एका कुटुंबात ती गोळी जात असे. वडील मुंबईला एका कंपनीत कारकून, मूळचे कणकवलीकडचे, माझ्याच वयाचे. मुलीला नववीत असताना पहिली फिट आली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते गोळ्या न्यायला यायचे आणि पिशवी हातात घेण्याआधी बिल मागायचे.

"काय शेठ, बिल?"

"देतो हो. पळून चाललोय का मी?"

"तुम्ही नाही पळत. पण बिलाशिवाय आमचा साहेब माझ्या मुलीला आजारीच मानत नाही."

ती सगळी बिलं ते एका फाइलमध्ये लावून ठेवायचे. औषधाचे पैसे परत मिळावेत म्हणून मूळ बिल ऑफिसात द्यायचे, झेरॉक्स घरी. नीटनेटका माणूस.

मुलगी मोठी झाली. औषधं दोन-तीनदा बदलली आणि शेवटी ही गोळी लागू पडली. तीन वर्षं एकही फिट नाही. ती वसईच्या एका लॅबमध्ये कामाला लागली, रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवायचं काम. कधीकधी वडिलांऐवजी तीच यायची आणि मला धारेवर धरायची.

"काका, तुम्ही स्ट्रिपकडे बघितलंच नाही."

"बघायचं काय? तुझीच गोळी आहे."

"नाव नाही हो, नंबर. आमच्याकडे लघवीच्या डबीलासुद्धा नंबर असतो. एक चुकला तर मॅडम जेवायला सोडत नाहीत."

"मग तू बारीक कशी झाली नाहीस?"

"कारण माझा चुकत नाही!"

मागे उभी असलेली माणसंही हसायची. मीसुद्धा हसायचो. ती काय म्हणत होती ते मला कळत नव्हतं असं नाही.

औषध बनवणारी कंपनी एका वेळी जेवढ्या गोळ्या बनवते, त्या सगळ्यांना एक बॅच नंबर देते. तो प्रत्येक स्ट्रिपवर छापलेला असतो. बिलातही तो यावा लागतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर गोळीचं नाव टाकलं की शिल्लक असलेल्या बॅचची यादी उघडते. हातातल्या स्ट्रिपवर जो नंबर असेल तो त्या यादीतून निवडायचा, हे खरं काम. पण संध्याकाळी काउंटरवर सहा-सात माणसं असतात, कुणाचं मूल रडत असतं, कुणाची रिक्षा थांबलेली असते. अशा वेळी यादीत सगळ्यात वर जो नंबर असेल तोच जाऊ द्यायचा. एन्टर, एन्टर, एन्टर, की बिल बाहेर. खणात तीन बॅचच्या स्ट्रिप एकत्र पडलेल्या असतात, त्यातली हाताला लागेल ती द्यायची. स्ट्रिप एका बॅचची, बिलावर नंबर दुसऱ्याच बॅचचा. याला आमच्या धंद्यात कुणी खोटं म्हणत नाही. तपासायला येणारे साहेब बिलावर नंबर आहे ना एवढंच बघतात. नंबर असायचाच.

एका गुरुवारी दुपारी होलसेलरचा मेसेज आला. त्याच गोळीच्या एका बॅचमध्ये औषधाचं प्रमाण कमी आढळलंय, विक्री थांबवा, शिल्लक माल परत पाठवा. आम्हा दुकानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच अंगठ्यांची रांग लागली. मीही अंगठा टाकला. खण उपसला, तीन स्ट्रिप निघाल्या, त्या बाजूला काढल्या.

मग मला वाटलं, एवढ्यावर थांबू नये. कॉम्प्युटरमध्ये तो बॅच नंबर टाकून बघितला. अकरा नावं आली. सगळ्यांना फोन केले. एक बाई अर्धी स्ट्रिप परत घेऊन आल्या आणि जाताना आशीर्वाद देऊन गेल्या. एक गृहस्थ म्हणाले, "उगाच घाबरवू नका हो." संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, "बाकीच्यांनी नुसते अंगठे टाकले. मी फोन केले."

ती म्हणाली, "चांगलं केलंत."

फोन करताना मी त्या यादीत त्या मुलीचं नाव शोधलं होतं. ते नव्हतं. सुटलो, असं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं की ही यादी माझ्याच एन्टरने तयार झालेली आहे. ती गोळी कुणाकडे गेली ते ही यादी सांगूच शकत नव्हती. ती बॅच दुकानात आल्यापासूनच्या तीन महिन्यांत ही गोळी नेणारे एकूण तीसेक जण असतील. सगळ्यांना फोन करायला एक दुपार लागली असती. पण तसं करायचं तर आमच्या बिलावरच्या नंबरावर विसंबू नका, हे आपल्याच तोंडाने सांगावं लागलं असतं. मी ते टाळलं.

शनिवारी ती स्वतः दुकानात आली. आईच्या गुडघ्यासाठी मलम हवं होतं. मागे चार माणसं होती. मलम काढताना माझ्या मनात आलं, हिला एवढंच म्हणावं, घरी गेल्यावर तुझ्या गोळीच्या स्ट्रिपवरचा नंबर बघ आणि मला फोन कर. एक वाक्य. मग वाटलं, ती हसेल, म्हणेल, बघा काका, मी सांगत होते ना. चार माणसांसमोर म्हणेल. आणि घरी जाऊन वडिलांना सांगेल.

मी म्हणालो, "आईला सांग, चोळू नका, नुसतं लावा."

"सांगते. ऐकणार नाही ती," असं म्हणून ती गेली.

बुधवारी सकाळी ती बाथरूममध्ये पडली. आत फिट आली आणि डोकं नळाच्या कडेवर आपटलं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की हिने कधीही कडी लावून आंघोळ करायची नाही. त्यामुळे त्या घरातल्या बाथरूमला वर्षानुवर्षं आतून कडीच नव्हती. पण तीन वर्षं सुखरूप गेल्यावर दिवाळीत तिने वडिलांकडे हट्ट धरला, "बाबा, मी चोवीस वर्षांची आहे. मला कडी लावून आंघोळ करायचीय." आईचा विरोध होता. वडिलांनी एका रविवारी स्वतःच्या हाताने कडी बसवली. त्या बुधवारी दार तोडायला शेजारी बोलवावे लागले. त्यात वेळ गेला. चार दिवस ती हॉस्पिटलात होती. पाचव्या दिवशी सकाळी गेली.

मी स्मशानात गेलो होतो. सगळ्यांच्या मागे उभा होतो.

तीन आठवड्यांनी तिचे वडील दुकानात आले. काखेत ती फाइल होती. कुणीतरी त्यांना मोबाइलवर त्या बॅचची बातमी पाठवली होती. काउंटरवर फाइल उघडून त्यांनी शेवटच्या बिलावर बोट ठेवलं, मग मोबाइलवरच्या नंबरावर. दोन्ही नंबर पुन्हा पुन्हा वाचून बघत होते.

"शेठ, हा वेगळा आहे ना?"

"हो."

"म्हणजे गोळी चांगली होती."

घरी रिकाम्या स्ट्रिप आहेत का, एवढंच मी विचारलं. नव्हत्या. मुलगी विसरू नये म्हणून आई महिन्याच्या सगळ्या गोळ्या पहिल्याच दिवशी सोलून एका डबीत भरायची आणि स्ट्रिप कचऱ्यात टाकायची. डबीत उरलेल्या गोळ्या मुलीच्या बाकीच्या वस्तूंबरोबर टाकल्या गेल्या होत्या.

"म्हणजे गोळी चांगली होती ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, "चांगली होती."

मला वाटलं होतं, त्यांना जरा बरं वाटेल. आपण आणलेल्या गोळीने काही झालं नाही, एवढं तरी. पण त्यांनी फाइल बंद केली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "मग कडीच."

त्यानंतर ते बायकोच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी येत राहिले. बिल मागायचं त्यांनी सोडलं होतं. दाढी वाढलेली असायची. शेजारच्या बाईंकडून कळलं की त्यांची बायको त्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते, कपडे धुते, पण एक शब्द नाही. कडी कुणी बसवली हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं.

मी इकडे दुकान सुधारायला घेतलं. स्कॅनर आणला. ज्या पाकिटांवर कोड असतो ती स्कॅन करतो, बाकीच्यांचे नंबर डोळ्यांनी वाचतो. सुट्या गोळ्या कापून देताना नंबर कागदी पुडीवर लिहून देतो. फोन नंबर घेतल्याशिवाय रोजच्या आजाराची औषधं देत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात. "एवढं काय वाचताय? कादंबरी आहे का?" असं एकाने विचारलं. दुकानदारांच्या ग्रुपवर मी लिहिलं की औषध परत मागवल्याचा मेसेज आपल्या खणापर्यंत येतो आणि तिथेच संपतो, औषध तर लोकांच्या घरात असतं, तिथपर्यंत निरोप जायला हवा. एकाने उत्तर दिलं, "वेळ आहे बाबा तुझ्याकडे." बाकी कुणी काही बोललं नाही. हे सगळं मी मनापासून करत होतो. पण करायचं होतं ते सोडून करत होतो.

पाच महिन्यांनी एका दुपारी ते आले. दुकानात कुणी नव्हतं.

"शेठ, झोपेचं काहीतरी द्या ना."

"चिठ्ठीशिवाय नाही देता येत, भाऊ."

"माहितीय. पण डोळे मिटले की मी स्क्रू पिळतोय असंच दिसतं. रोज. चार स्क्रू होते त्या कडीला."

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो. त्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं. बिलावरचा नंबर खरा नाही. खरा असेलही, पण मला माहीत नाही. मी स्ट्रिप न बघता बिल बनवत होतो, सगळ्यांचंच.

ते म्हणाले, "मग तिची गोळी कुठली होती?"

"माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. चांगल्या गोळीवरही फिट येऊ शकते. पण गोळी चांगली होती, असं जे मी म्हणालो, ते मला म्हणता येत नव्हतं."

"मग मी आता काय समजायचं?"

त्यांना ओरडायला सुचलं नाही की ओरडायची ताकद राहिली नव्हती, कोण जाणे. उठले आणि म्हणाले, "चला. हे घरी बायकोला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, स्वतःला सोडवायला सांगतोय."

शटर अर्धं ओढून मी त्यांच्यामागे निघालो. तिसरा मजला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, तरी मी बसलो. सगळं पहिल्यापासून सांगितलं. मेसेज, यादी, फोन.

मग वहिनींनी विचारलं, "त्या अकरा जणांना तुम्ही ओळखता?"

"सगळ्यांना नाही."

"आम्हाला ओळखत होतात."

"हो."

"आमचा फोन नंबर होता तुमच्याकडे."

"होता, वहिनी."

एवढ्यावर थांबलो असतो तर त्यांना शनिवारबद्दल कधीच कळलं नसतं. पण अर्धं सांगून उठायचं म्हणजे पुन्हा तेच. मी सांगितलं की मेसेज आल्यानंतर ती दुकानात आली होती. बोलावं असं माझ्या मनात आलं होतं. मी बोललो नाही.

"मलम आणायला आली होती तेव्हा?"

"हो."

त्यांनी हात गुडघ्याकडे नेला आणि मध्येच थांबवला. मग त्या माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्यांना जायला सांगा."

पाच महिन्यांत त्या नवऱ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. नवऱ्याला मला काही सांगावं लागलं नाही. मी उठलोच होतो.